सल्ला हवा आहे: मुलीची जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा-बॅच, शनिवारचं वजन आणि पालकांना बंदी

केतकी_कोथरूड
नमस्कार मंडळी. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स मनापासून आवडतं तिला. जूनमध्ये तिला स्पर्धेच्या बॅचमध्ये घेतलं आणि सगळं वातावरणच बदललं. पालकांनी गेटपर्यंतच यायचं. दर शनिवारी वजन करतात आणि आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. स्प्लिट (दोन्ही पाय सरळ रेषेत पसरून बसणं) पूर्ण बसत नसेल तर सर वरून दाबतात, रडलं की मोजणी पुन्हा एकपासून. आता दिवाळीच्या सुट्टीत परगावी निवासी शिबिर आहे. पालक नकोत, फोन जमा.

सर दुष्ट आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या मुली राज्य पातळीवर पदकं आणतात, आणि ते स्वतः पहाटे पाचला हॉलवर हजर असतात. नवरा म्हणतो, शिस्त अशीच असते. सासूबाई म्हणतात, काढ आणि भरतनाट्यमला घाल. लेक म्हणते, "मला स्पर्धा खेळायचीये." बास, एवढंच. कडकपणा कुठे संपतो आणि दुसरं काही कुठे सुरू होतं, ते मला ठरवता येत नाहीये. या खेळातलं कुणी आहे का इथे? क्लास बदलायचाच झाला तर नेमकं काय बघायचं?

गप्पीदास
हल्ली कोच नुसता ओरडला तरी पालक धागे काढतात. रिओ ऑलिंपिकला जिम्नॅस्ट दीपा कर्माकरच्या वाढदिवशी तिच्या कोचने, नंदी सरांनी तिच्या फोनमधलं सिम कार्ड काढून ठेवलं होतं, लक्ष विचलित होऊ नये म्हणून. म्हणून तर व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) चौथी आली. लाडाने कुणी ऑलिंपिकला जात नाही.

उलटी_कोलांटी
गप्पीदास, उदाहरण उत्तम काढलंत. फक्त पूर्ण सांगा. सिम काढलं तेव्हा दीपा 23 वर्षांची होती आणि आईवडिलांशी बोलायची तिला मुभा होती. इथे विषय नऊ वर्षांच्या मुलीचा आहे. आणि प्रोडुनोव्हा हा हवेत दोन पुढच्या कोलांट्यांचा जीवघेणा व्हॉल्ट दीपाने विशीत स्पर्धेत आणला, 2014च्या ग्लासगो राष्ट्रकुलमध्ये त्यावर कांस्य मिळवलं. चौथीतल्या पोरीवर कुणी तो लादला नव्हता.

केतकीताई, मी शाळा-कॉलेजात खेळले, आता जिल्हा स्पर्धांना पंच म्हणून बसते. आधी एक स्पष्ट करते, नाहीतर उगाच घाबराल: या खेळात कोचचा हात लागतोच. फ्लिक (हातांवरून मागे उलटी) शिकवताना कंबरेला, बारवर मांडीला, बीमवर (अरुंद पट्टी) उतरताना पाठीला. सपोर्ट दिला नाही तर मान मोडेल. पण चांगला कोच कुठे धरणार ते आधी सांगतो आणि सगळ्यांच्या देखत धरतो. रडणाऱ्या मुलीला वरून दाबणं म्हणजे सपोर्ट नव्हे. ताण मुलीने स्वतःच्या वजनाने घ्यायचा आणि "थांबा" म्हटलं की थांबायचं. त्या "थांबा"चं काय होतं ते बघा. तुमच्या वर्णनात "थांबा" म्हटल्याची शिक्षा होते आहे, मला तेच सगळ्यात जास्त खटकलं.

घाईचं म्हणाल तर सीनियर गटात खेळायला मुलींना 16वं वर्ष लागतं. पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने सर्वंकष (चारही प्रकार मिळून) सुवर्ण घेतलं ते 27व्या वर्षी. उझबेकिस्तानची चुसोवितिना टोकियोत 46व्या वर्षी व्हॉल्ट मारत होती, तिचं आठवं ऑलिंपिक. "दहाच्या आत झालं नाही तर संपलं" हे वाक्य ऐकलंत तर बिनधास्त हसा.

हाडवैदू
फिजिओ आहे, त्यामुळे वजनकाट्यावर बोलतो. नऊ वर्षांच्या मुलीचं वजन वाढलंच पाहिजे, ती वाढते आहे! दर आठवड्याचा आकडा कोचला काहीही उपयोगाचं सांगत नाही. मुलगी मात्र त्यातून एक शिकते: शुक्रवारी रात्री जेवायचं नाही. सरावाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर काटकसर करायला लागतं. पुढे पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, बारीक तडे जातात. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014पासून यावर सविस्तर लिहिलं आहे, हे माझं खूळ नाही.

मनगटाचं विचारा तिला. या खेळात हात पायांचं काम करतात आणि मनगटाजवळची वाढीची कूर्चा दबते. दोन-तीन आठवडे दुखत असेल तर क्रेप बँडेज बांधून पुन्हा हॉलवर पाठवू नका, एक्स-रे काढा. जोराने दाबलेल्या स्प्लिटमध्ये मांडीमागचा स्नायू बसायच्या हाडावरून तुकड्यासकट उपटला जाऊ शकतो. वाढीच्या वयातली ही नेहमीची दुखापत आहे.

थेम्सकाठी
आम्ही रेडिंगला असतो, मुलगी इथल्या क्लबात जाते. केतकी, तू लिहिलेलं जवळजवळ सगळं ब्रिटनमधल्या व्हाइट अहवालात, म्हणजे इथल्या जिम्नॅस्टिक्समधल्या छळाच्या चौकशीत, आहे. 400हून जास्त निवेदनं आली होती. वजनावरून छळ, जबरदस्तीचं स्ट्रेचिंग, पाणी आणि बाथरूम अडवणं, दुखापत असताना सराव. अहवाल जून 2022मध्ये आला आणि नंतर कोचने मुलांचं वजन करणंच बंद झालं. प्रत्येक क्लबात एक वेल्फेअर अधिकारी असतो, भिंतीवर त्याचा फोटो नि नंबर. तो मुख्य कोच नसतो, हे महत्त्वाचं. तक्रार ज्याच्याबद्दल आहे त्याच्याकडेच द्यायची असेल तर ती कोण देणार?

लान्सिंगकर
मी मिशिगनमध्ये राहतो. लॅरी नासर, म्हणजे मुलींचं लैंगिक शोषण करणारा अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर, त्याची शिक्षा 2018च्या जानेवारीत आमच्याच कौंटीच्या कोर्टात सुनावली गेली. दीडशेहून जास्त मुली-बायका एकामागून एक उभ्या राहून बोलल्या. टीव्ही लावायची हिंमत होत नव्हती.

वर पालकांना आत न घेण्याचा आणि सगळ्यांच्या देखत धरण्याचा विषय निघाला म्हणून मुद्दाम लिहितो. नासर कित्येकदा आई खोलीत असताना हे शोषण करत होता, टॉवेल आड धरून, "उपचार" म्हणून. त्यामुळे पालकांना बसून बघायला गॅलरी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेला 2015च्या जूनमध्ये तक्रार कळली. एफबीआयकडे जायला त्यांनी पाच आठवडे घेतले, तो नोकरीला होता त्या मिशिगन स्टेट विद्यापीठाला काही सांगितलं नाही, आणि तो तिथे पुढे वर्षभर मुली तपासत राहिला. इंडियानापोलिसच्या एका वर्तमानपत्राने संघटनेचा कारभार उकरला नसता तर आणखी किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. माणूस विकृत होता, पण त्याला वेळ दिला तो पदकं आणि प्रायोजक सांभाळणाऱ्या ऑफिसने. म्हणून कोचइतकंच ट्रस्टींना भेटा. तक्रार आली तर काय करता, विचारा. "आमच्याकडे असं होतच नाही" हे उत्तर आलं तर मी दुसरा क्लास बघेन.

काळाकोट
थोडक्यात कायदा. केतकीताईंच्या वर्णनात लैंगिक काही नाही, तेव्हा लगेच तिकडे उडी नको. पण माहीत असू द्या: पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम 19नुसार नुसती शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलांसाठी हेल्पलाइन 1098. मारणं, उपाशी ठेवणं यासाठी बाल न्याय अधिनियमाचं कलम 75 आहे. 2025च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षा धोरण आलंय, पण गल्लीतल्या क्लासपर्यंत ते झिरपेल तेव्हा झिरपेल.

शिबिराबद्दल लेखी मागा: मुलींच्या खोलीत कोण झोपणार, महिला प्रशिक्षक किती, घरी फोन कधी.

गप्पीदास
शिबिराचं मान्य. फोन जमा करा, पण रोज संध्याकाळी आईशी बोलू द्या, यात काही शिस्त बिघडत नाही. दादरला समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब शिवाजी पार्कात चालतो, येणारेजाणारे उभे राहून बघतात, कुणाचं लक्ष विचलित होत नाही. कडकपणाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

केतकी_कोथरूड
सगळ्यांचे आभार. काल भेटून आले. सर चिडले नाहीत, वजन यापुढे मोठ्याने वाचणार नाही म्हणाले. बंद करणार का, त्यावर "बघू". पालकांना आत घेण्याचं ट्रस्टींना विचारा म्हणाले. ट्रस्टींना फोन केला तर ते म्हणाले, तांत्रिक बाबी सर बघतात! लान्सिंगकर, तुमचा प्रश्न विचारला. शांतता. मग, "तुम्ही पहिल्याच पालक आहात असं विचारणाऱ्या."

शिबिराला पाठवत नाही. लेक रुसली आहे. मनगट दुखतं का विचारलं तर "थोडंसं, सगळ्यांचंच दुखतं" म्हणाली. सोमवारी डॉक्टरांकडे नेतेय. नदीपलीकडे एक क्लास कळलाय, तिथे बाई शिकवतात. बाई आहेत म्हणून नवरा आता निश्चिंत आहे.

उलटी_कोलांटी
बाई आहेत म्हणून निश्चिंत राहू नका, मला सगळ्यात जास्त चिमटे बाईंनीच काढलेत. ट्रायलला जाल तर साध्या दिवशी जाऊ नका, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात जा. बीमवरून पडलेल्या मुलीशी तेव्हा काय बोलतात ते ऐका. आणि तिथून सोडून गेलेल्या एखाद्या मुलीच्या आईचा नंबर मिळवा. असलेल्यांचा तर ते स्वतःच देतील.