मदत हवी आहे : सफाईनंतर कॅनिस्टर फिल्टरची धार मंदावली आहे

आमच्या ३ फुटी माशांच्या टाकीचा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, बंद डब्याचा पाणी गाळणारा फिल्टर) खालच्या कपाटात ठेवलेला आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू मरतात, म्हणून रविवारी स्पंज आणि सिरॅमिक रिंगा टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळून धुतल्या. परंतु फिल्टर पुन्हा सुरू केल्यापासून धार निम्म्यावर आली असून आतून बुडबुड्यांची खरखर ऐकू येते. डबा तिरका करून हवा काढली, इम्पेलरवरचा (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्यावरचा) बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने साफ केला, तरीही फरक पडला नाही. झाकणाचे रबरी वायसर किंचित चपटे झालेले दिसते, मात्र गळती थेंबभरही नाही. हवा तिथून शिरत असेल, की पाणी ओढणाऱ्या नळीच्या जोडातून? अमोनिया वाढून मासे दगावू नयेत म्हणून त्यांचे खाणे तूर्त निम्मे केले आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.