तटस्थ की मध्यस्थ?

पंचगंगाकाठ:
लेकीला शाळेसाठी निबंध सांगत होतो. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्तनं कतारशी संबंध तोडले, तेव्हा चिमुकल्या कुवेतनं दोन्हीकडं खेटे घातले. इथवर लिहिलं आणि अडलो. कुवेत तटस्थ, मध्यस्थ की लवाद? तट म्हणजे काठ. काठावरचा माणूस मधे कसा?

जुना मास्तर:
लवाद आधी खोडा. लवाद निवाडा देतो. कृष्णा पाणीतंटा लवादानं राज्यांना टीएमसीत वाटे पाडून दिले, म्हणून आपल्या तोंडात तो शब्द बसलाय. कुवेतनं कुणाचा वाटा ठरवला? कतारपुढं तेरा मागण्या ठेवल्या गेल्या, त्यातली एक कतारची वृत्तवाहिनी अल जझीरा बंद करा अशी. ती यादी कुवेतनं पोचवली, कतारचं उत्तरही कुवेतच्याच हातून गेलं. शिष्टाईही नको. कृष्ण शिष्टाईला गेला तो पांडवांच्या बाजूनं.

अडतवाला:
मग मध्यस्थच की. पण मध्यस्थ तटस्थ असतोच असं नाही हं. गुळाच्या सौद्यात शेतकरी आणि व्यापाऱ्याच्या मधी आम्ही. भाव चढला की आमची अडत चढते, मग कसले तटस्थ!

जुना मास्तर:
आणि उलटंही. १९७१ च्या युद्धानंतर भारताचं पाकिस्तानातलं आणि पाकिस्तानचं भारतातलं वकिलातीचं काम स्वित्झर्लंडनं बघितलं. संबंध तुटलेले, कागद तर चालू राहायला हवेत. तो तटस्थ खरा, पण त्या कामापुरता मध्यस्थ नव्हे, निरोप्या. आपल्याकडं हा शब्द उगाच मागं पडला.

पंचगंगाकाठ:
म्हणजे कुवेत काठ सोडून कमरेएवढ्या पाण्यात उतरला, पण पलीकडच्या काठाला गेला नाही.

अडतवाला:
फुकट नाही उतरला. इजिप्त सोडला तर सगळे एकाच आखाती सहकार्य परिषदेतले, भाऊबंदच. शेजारची आग आपल्या कौलावर येती.

पंचगंगाकाठ:
पटलं. 'कुवेतने मध्यस्थी केली' असंच लिहितो. समेट जानेवारी २०२१ मध्ये सौदीतल्या अल-उलाला झाला. खेटे घालणारे अमीर शेख सबाह त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये वारले. लेक विचारते, 'कुवेत मधी पडला' लिहू का? मी म्हटलं, गुण कापतील.

जुना मास्तर:
मी नसते कापले. फक्त 'मधी'चं 'मध्ये' केलं असतं.