बक्रम लावूनही काज खराब येत असेल तर
काजाखाली बक्रम, म्हणजे कापड ताठ ठेवणारं कडक अस्तर, हवंच, पण कडेला खालचा दोरा पांढरा पांढरा दिसतो तो बक्रमने जात नाही हो, तो दोऱ्याच्या टेन्शनचा, म्हणजे ताणाचा प्रश्न आहे. आमच्या सोलापुरात युनिफॉर्मचं काम खूप, मीही घरच्या मशीनवर शर्ट शिवते, आणि गडद निळ्या कापडावर हे पांढरे ठिपके लगेच डोळ्यात भरतात. काही बॉबिन केसच्या (खालच्या दोऱ्याची रीळ बसते त्या डबीच्या) बाहेर आलेल्या दांडीला टोकाशी बारीक भोक असतं बघा, काज करताना खालचा दोरा त्यातून ओवून घ्यायचा, मग खालचा दोरा जरा ताठ होतो आणि वरचा दोरा खाली ओढला जाऊन काजाची कड भरीव, गोलसर येते. भोक नसेल तर वरचं टेन्शन थोडं सैल करा, काम झालं की आठवणीने परत जागेवर आणा.

माप घेताना बटणाच्या रुंदीत जाडी पण धरा, 11 मिमीचं बटण 3 मिमी जाड असेल तर काज 14 मिमीचं. आणि कापताना दोन्ही टोकांना आडवी टाचणी लावाच, माझा एक नवाकोरा कॉलर ब्लेड सटकून गेलाय, फार जीव हळहळला तेव्हा.