सायकलने रस्त्याच्या अगदी कडेनेच जायचं का?

उंडगं चाक (धागाकर्ता)
"कडेने चालव रे" हे लहानपणापासून ऐकत आलो आणि वीस वर्षं इमानेइतबारे पाळलंही. गेल्या वर्षी कडेला उभ्या असलेल्या गाडीचं दार फाडकन उघडलं आणि माझं मनगट मोडलं. हात गळ्यात असताना विचार करायला भरपूर वेळ मिळतो. आता माझं मत असं की अगदी कड ही सायकलवाल्यासाठी सगळ्यात वाईट जागा.

दार पूर्ण उघडलं की साधारण मीटरभर बाहेर येतं. ताशी 20 किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. दार दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत कारभार आटोपलेला असतो. शिवाय वाळू, काचा, गटाराच्या जाळ्या (त्यांच्या फटी चाकाच्या दिशेने असल्या तर विचारूच नका) हे सगळं कडेलाच. ते चुकवायला आपण ऐनवेळी बाहेर येतो आणि मागचा म्हणतो, "हा मध्येच आला!" त्यापेक्षा मीटरभर आतून सरळ रेषेत गेलं तर मागच्याला आपण लांबूनच दिसतो. अरुंद रस्त्यावर मी सरळ लेनच्या मधोमध जातो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही (तिथली वाहतूक नियमावली) 2022 पासून हेच सांगितलंय.

स्टिअरिंगमागचा
हायवे कोड अर्धाच वाचलात की! मधोमध चालवा हे शांत रस्ते, संथ वाहतूक आणि चौक किंवा अरुंद जागा जवळ आल्यावर. वाहनं तुमच्यापेक्षा वेगात असतील तिथे कडेपासून किमान अर्धा मीटर राखा आणि सुरक्षित असेल तेव्हा त्यांना पुढे जाऊ द्या, असं त्याच नियमात आहे.

आता हिशेब करा. मी ताशी 80 ने, तुम्ही 20 ने. मधलं शंभर मीटर अंतर सहा सेकंदांत संपतं. वळणापलीकडे तुम्ही मधोमध असलात तर मला तेवढेही मिळत नाहीत. आणि मागे दहा गाड्या खोळंबल्या की त्यातला एखादा वैतागून घासून कट मारतोच. चूक त्याचीच, पण हाड तुमचं मोडणार.

उंडगं चाक
वेगवान रस्त्याबद्दल मान्य, तिथे मीही मधोमध जात नाही. पण घासून जाणारा कडेने चाललो तरी घासूनच जातो. निदान आत असलो तर कडेकडे सरकायला जागा उरते.

जडवाहन
मी ट्रक चालवतो. कड की मध्य यावर तुम्ही खुशाल भांडा, पण वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला शिरू नका. माझी मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून वळतात. सिग्नलला थांबलेलो असताना कुणी त्या फटीतून पुढे आला की तो आरशातून नाहीसाच होतो. मागे थांबा. एक सिग्नल गेला तर गेला.

घंटी
+१. आणि हेल्मेटचं काय? सगळा धागा वाचला, एकानेही नाव काढलं नाही.

उंडगं चाक
घालतो. पण युरोपीय मानकात ते ताशी 20 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने आपटून तपासतात. सायकलवरून पडलात तर उपयोग नक्की आहे, ट्रकसमोर फार आशा धरू नये.

डबलसीट
तुम्ही सगळे धडधाकट दिसता. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सांगू का, "लेनच्या मधोमध जा, मागच्याला थांबू दे"? सायकलवाल्याने वाहनचालकासारखंच वागावं, हे अमेरिकेत जॉन फॉरेस्टर हे सायकलवर लिहिणारे गृहस्थ 1970 च्या दशकापासून सांगत होते. वेगळ्या सायकलमार्गांना त्यांचा विरोधच होता. ज्याच्या पायात ताकद आणि मनात धीटपणा आहे त्याच्यासाठी ते ठीक. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेवर मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. पुढच्या काही दशकांत तिथे गाड्यांचा वेग कमी केला, मोठ्या रस्त्यांवर सायकलला वेगळी वाट दिली. आज तिथे शाळकरी मुलं एकटी सायकलने जातात, कड-मध्य असला वाद न घालता.

उंडगं चाक
वाट मिळाली तर मी पहिला जाईन. पण उद्या सकाळी कामावर जायचंय ते याच रस्त्याने.

डबलसीट
म्हणूनच ती अजून सोसायटीच्या आवारातच चालवते.

स्टिअरिंगमागचा
दाराबद्दल एक विचारायचं राहिलं. मी आरशात बघूनच उघडतो, तरी एकदा थोडक्यात वाचलो.

उंडगं चाक
दाराजवळच्या हाताने उघडू नका, लांबच्या हाताने उघडा. खांदा आपोआप वळतो, मान मागे जाते आणि दारही एकदम सताड उघडत नाही. डच लोकांच्या नावाने ओळखतात ही सवय.

स्टिअरिंगमागचा
आत्ताच खाली जाऊन करून पाहिलं. जमतंय. तुमच्या मधोमध जाण्याला मात्र माझा विरोध कायम.