प्रतिसाद: ई-सिमचे पैसे स्टेबलकॉइनने देताना

परदेश प्रवासासाठी ई-सिम (प्लास्टिक कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारे डिजिटल सिम) घेताना बँक कार्डावरील परकीय चलन शुल्क वाचावे म्हणून यूएसडीटीने, म्हणजे डॉलरच्या किमतीशी बांधलेल्या ‘स्टेबलकॉइन’ प्रकारच्या क्रिप्टो चलनाने, पैसे द्यावेत, ही सूचना दुबईत किंवा सिंगापुरात राहणाऱ्याला सोयीची असेलही. परंतु करासाठी भारताची रहिवासी मानल्या जाणाऱ्या व्यक्तीने थोडा हिशेब मांडून पाहावा.

2022 च्या अर्थसंकल्पापासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या (यात क्रिप्टो चलने येतात) हस्तांतरणातील नफ्यावर 30 टक्के कर लागतो आणि त्यातून खरेदीमूल्याखेरीज कोणताही खर्च वजा होत नाही. स्टेबलकॉइन देऊन डेटा पॅक घेणे हेही हस्तांतरणच असल्यामुळे, मधल्या काळात रुपया घसरला असेल तर त्या किरकोळ फरकाचीही नोंद विवरणपत्रात करावी लागते. दहा डॉलरच्या पॅकसाठी एवढा खटाटोप मला तरी पटत नाही.

दुसरी अडचण नेटवर्कची आहे. यूएसडीटी वेगवेगळ्या ब्लॉकचेन नेटवर्कवरून पाठवता येते; त्यांपैकी ट्रॉनवरून पाठवायचे तर शुल्कासाठी सहसा थोडे टीआरएक्स (ट्रॉनचे स्वतःचे चलन) हेही वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो ठेवण्याच्या ॲपमध्ये, लागते, आणि विक्रेत्याने सांगितलेल्यापेक्षा वेगळ्या नेटवर्कवर रक्कम पाठवल्यास ती परत मिळेलच असे नाही. कार्डावर निदान तक्रार करून व्यवहाराला आव्हान देता येते. इथे विक्रेत्याची मर्जी.

‘स्थिर’ हा शब्दही जपूनच घ्यावा: मार्च 2023 मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा, राखीव निधीचा काही भाग तिथे अडकल्यामुळे, यूएसडीसी हे एक डॉलर किमतीचे दुसरे स्टेबलकॉइन काही काळ 90 सेंटच्याही खाली गेले होते. तरीही हाच मार्ग निवडणार असाल, तर फोन ई-सिम स्वीकारतो का आणि तो कंपनी-लॉक (एकाच मोबाइल कंपनीच्या सिमवर चालणारा) तर नाही ना, हे पैसे पाठवण्यापूर्वीच पाहावे.