बाळाचं ढुंगण लाल झालंय? डायपर रॅश: अनुभव धागा

डायपर रॅशचा विषय निघाला की दोनच सल्ले मिळतात, 'खोबरेल लावा' आणि 'डॉक्टरांना दाखवा'. या दोन्हींच्या मधलं बरंच काही सांगायचं राहून जातं. बाळांशी रोजचा संबंध असलेल्यांनी इथे हातचं न राखता लिहावं. नुसतं 'आमच्याकडे हे लागू पडलं' एवढंच नको. किती, कितीदा, कशानंतर लावायचं आणि कुठे बिघडतं, तेही सांगा.

परिचारिका, नवजात शिशू विभाग

मी पुसण्यापासून सुरू करते, कारण कातडी निम्मी तिथेच सोलवटते. शी झाली की लोक फडकं ओलं करून खसाखसा घासतात. तसं करू नका. डायपरच्याच कोरड्या भागाने शी वरच्या वर उचला, मग कोमट पाण्यात बुडवलेले कापसाचे बोळे घ्या. एक बोळा एकदाच फिरवायचा, पुढून मागे, आणि टाकून द्यायचा. मुलीच्या बाबतीत ही दिशा कधीच उलटी नको. मुलाची पुढची कातडी मागे ओढून साफ करायची गरज नसते, ओढूही नये. वाळलेली शी चिकटली असेल तर खरवडू नका. खोबरेलाचा बोळा मिनिटभर ठेवा, आपोआप सुटते.

नुसती शू झाली असेल तर दर वेळी साबण लावायचं कारण नाही. शीनंतरही बहुतेक वेळा पाणीच पुरतं. लागलाच तर बाळाचा सौम्य, बिनवासाचा साबण, तोही थोडा, आणि पूर्ण धुऊन टाकायचा. पाण्यात जंतुनाशकाचं टोपण ओतणं बंद करा. लाल झालेल्या जागेवर ते झोंबतं आणि सालं काढतं.

मग टिपायचं, पुसायचं नाही. जांघेतल्या आणि मांडीच्या वळ्या बोटांनी हलक्या उघडून मलमलीच्या फडक्याने टिपा. पुढे 10-15 मिनिटं बाळाला उघडंच ठेवा. खाली मेणकापड आणि त्यावर सुती दुपटं घाला. नुसत्या मेणकापडावर ठेवलं तर घामाने परत ओलं होतं. दिवसातून तीन-चार वेळा एवढं जमलं तरी साधं पुरळ दोन-तीन दिवसांत उतरायला लागतं. हेअर ड्रायर मात्र लावू नका, बाळाची कातडी पटकन भाजते.

मलमाबद्दल एकच सांगते. पोळीला तूप लावतो तसं पातळ नको, भिंतीला गिलावा करतो तसा थर हवा. खालची कातडी दिसली नाही पाहिजे. पुढच्या वेळी शी लागलेला वरचा थर तेवढा उचला, खालचं स्वच्छ मलम तसंच राहू द्या आणि त्यावर नवीन चढवा. दर वेळी सगळं घासून काढलं तर मलम लावूनही कातडी जातेच.

बालरोगतज्ज्ञ

हे कशाने होतं ते एकदा कळलं की वरच्या सगळ्याचा अर्थ लागतो. एकट्या शूचा दोष फार कमी असतो. शीतल्या जंतूंचं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) शूमधल्या युरियाचा अमोनिया बनवतं. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, तिचा पीएच साधारण 5.5. अमोनियाने तो चढतो. पीएच चढला की शीतली प्रथिनं आणि चरबी पचवणारी विकरं जोर धरतात. अन्न पचवणारी तीच विकरं मग बाळाची कातडी पचवायला लागतात. ओलाव्याने फुगलेल्या कातडीवर डायपरचं घर्षण असतंच. म्हणून शूचा डायपर थोडा उशिरा बदलला तरी एक वेळ निभावतं, शीचा मात्र दिसताक्षणी बदलायचा. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाच्या शीचा पीएच कमी असतो, त्यामुळे त्याला त्रास कमी. वरचं खाणं सुरू झालं की शी बदलते. 9 ते 12 महिन्यांच्या दरम्यान पुरळ सगळ्यात जास्त दिसतं, ते त्यामुळेच.

आता पुरळ नक्की कुठे आहे ते पाहा, निम्मं निदान तिथेच होतं.

ढुंगणाचे गोळे, मांड्यांचा आतला भाग, ओटीपोट, म्हणजे जिथे डायपर टेकतो तिथे लाल, आणि वळ्यांच्या आत कातडी बरी असेल, तर ते साधं पुरळ. वर लिहिलेली काळजी आणि जस्ताचं मलम पुरे.

उलट वळ्यांच्या आतच गडद लाल, चकचकीत झालंय, कडा ठळक आहेत आणि मुख्य चट्ट्याबाहेर सुटे लाल ठिपके किंवा बारीक पुळ्या पसरल्यात, तर बुरशी. साधं पुरळ तीन दिवसांहून जास्त रेंगाळलं की त्यात बुरशी शिरायला लागते. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर तर फार वेळा. तोंडात बघा, जिभेवर किंवा गालाच्या आत पुसून न निघणारा पांढरा थर दिसला तर तिथेही तीच आहे आणि दोन्हीकडे एकदम उपचार लागतात. या पुरळावर 1 टक्का क्लोट्रिमाझोलचं साधं क्रीम चालतं. दिवसातून दोनदा पातळ लावा, पाच मिनिटं मुरू द्या आणि मग वरून जस्ताचा थर. क्रम उलटा केला तर औषध कातडीपर्यंत पोचत नाही. लाली गेल्यावरही दोन-तीन दिवस चालू ठेवा, नाहीतर आठवड्यात परत येतं.

शीच्या जागेभोवती गोल, टवटवीत लाल, कडा रेखल्यासारखी आणि बाळ शी करताना कळवळतंय, तर तो स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असू शकतो. त्याला पोटातून अँटिबायोटिक लागतं, मलमाने भागत नाही. पूच्या पुळ्या, फुटून मधाच्या रंगाची खपली, ताप, किंवा बाळ महिन्याच्या आतलं असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

सावळ्या बाळांमध्ये लाली अनेकदा लाल दिसतच नाही, तपकिरी-जांभळट दिसते. बरं झाल्यावर तिथे फिकट किंवा गडद डाग राहतात. ते काही आठवड्यांत आपोआप जातात. त्यासाठी काही लावत बसू नका.

औषधाच्या दुकानातून

डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोलचं 'साधं क्रीम' लिहिलंय, त्यातला 'साधं' हा शब्द महत्त्वाचा आहे. घरोघरी गजकर्णाची, खाजेची म्हणून एक ट्यूब पडलेली असते. तिच्यात बुरशीचं औषध असतं, अँटिबायोटिक असतं आणि स्टेरॉइडही असतं. ती लावली की दुसऱ्या दिवशी लाली गायब होते, म्हणून लोक पुन्हा तीच मागायला येतात. स्टेरॉइड लाली दाबतं आणि खालची बुरशी वाढू देतं. त्यात डायपर म्हणजे वरून घट्ट बांधलेलं प्लास्टिक, त्याखाली औषध कितीतरी जास्त मुरतं. आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते, वळ उठतात, आणि रक्तात उतरलं तर बाळाचं स्वतःचं संप्रेरकांचं काम बिघडतं.

विकत घेताना नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं की ट्यूब खाली ठेवा. 2018 पासून अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. डॉक्टर कधी कधी 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन लिहितात, ते सौम्य असतं, पण तेही त्यांनी सांगितले तेवढेच दिवस.

जस्ताचं, म्हणजे झिंक ऑक्साइडचं मलम 10 ते 40 टक्क्यांपर्यंत मिळतं. रोजच्या बचावाला कमी टक्क्याचं किंवा नुसती पेट्रोलियम जेली चालते. पुरळ आलेलं असताना जास्त टक्क्याचं, घट्ट पेस्टसारखं घ्या. चोळायला जड जातं आणि पांढरं दिसतं अशी तक्रार असते, पण काम होतं ते त्या घट्टपणामुळेच. वासाची, 'हर्बल' म्हणून मिरवणारी, कापूर किंवा मेंथॉल असलेली मलमं इथे लावू नयेत. बोरिक पावडर तर मुळीच नको, ती सोललेल्या कातडीतून शरीरात जाते आणि विषारी असते.

बाळंतिणींना तेल-पाणी करणाऱ्या

आमच्या कामातल्या तीन गोष्टी या जागेला मानवत नाहीत. एक, डाळीचं पीठ. अंगाला लावायचंच असेल तर जांघेत आणि ढुंगणाला लावू नये. वळीत राहिलेलं पीठ ओलं होऊन आंबतं, दुसऱ्या दिवशी तिथेच चिरतं. दोन, मोहरीचं तेल. अंगाला लावतात, पण या नाजूक जागेला ते झोंबतं, तिथे खोबरेलच. तेही कातडी धड असेल तोवर, पातळ हात. उघड्या जखमेवर तेल नको. तीन, पावडर. आंघोळ झाली की डबा उलटा करायची सवय आहे सगळ्यांना. ती वळीत जाऊन गोळे होतात आणि उडालेली बाळाच्या श्वासात जाते. वेखंडाच्या पावडरीचंही तेच.

धुरीचं विचारतात. शेगडीवर धरलं की जांघ सुकते हे खरं, पण धूर छातीत जातो आणि चटका बसायला वेळ लागत नाही. वर ताईंनी सांगितलंय तसं टिपून उघडं ठेवा, तेच काम होतं.

रत्नागिरीकडून, कापडी लंगोटांबद्दल

'डायपर बंद करा, कापडी वापरा, रॅश जाते' असं सरसकट म्हणतात, ते पटत नाही. लंगोट ओला झाला की ओलावा कातडीलाच राहतो. डायपरमधली जेल तो निदान आत ओढून घेते. लंगोट दर शूला बदलत असाल तरच कापड जिंकतं. वर प्लास्टिकची चड्डी चढवली तर कापड आणि प्लास्टिक दोन्हींचे तोटे एकदम.

पुरळ न येण्याचं निम्मं गमक धुण्यात आहे. शीचे लंगोट आधी वाहत्या पाण्याखाली मोकळे करा. शूचे वेगळ्या बादलीत, झाकून, पण रात्रभरापेक्षा जास्त भिजवत ठेवू नका, अमोनियाचा दर्प कापडात मुरतो. एका बादलीला चहाचा एक चमचा कपडे धुण्याची पावडर पुरते. जास्त घातली की ती धुऊन निघत नाही, आणि बाळाच्या शूने तोच साबण परत सुटून कातडीला लागतो. तीन पाण्यांनी खळबळा. शेवटच्या पाण्यात हात फिरवून बघा, फेस आला तर चौथं पाणी. कपडे मऊ करणारं, वासाचं द्रव्य वापरू नका. त्याने कापड पाणी शोषत नाही आणि वासही बाधतो.

उन्हाळ्यात कडक ऊन मिळतं, प्रश्न आषाढ-श्रावणाचा असतो. दमट लंगोट बाळाला बांधावा लागू नये म्हणून जास्तीचे लंगोट घडी करून ठेवा. नवजात बाळाला पावसाळ्यात 25-30 लागतात. पंख्याखाली सुकवून मग दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा. हाताला गार लागला तर तो अजून ओलाच आहे.

पाळणाघर चालवणाऱ्या

आमच्याकडे भिंतीवर तक्ता असतो: बाळ, वेळ, शू की शी, कातडी कशी. लाली पहिल्यांदा कधी दिसली ते त्यामुळे कळतं आणि आईला नेमकं सांगता येतं. दर दोन-तीन तासांनी बदलायचा, शी झाली तर लगेच. डायपरवरची पिवळी रेघ निळी झाली म्हणजे ओला, पण निळी व्हायची वाट बघत बसायचं नाही.

मापाची चूक फार दिसते. कमरेत दोन बोटं सैल जायला हवीत. मांडीची झालर आत दुमडलेली असेल तर बोटाने बाहेर काढा, नाहीतर ती रेघ काचते. पाकिटावर किलो लिहिलेले असतात, पण मांड्या गुबगुबीत असतील तर पुढचं माप आधीच घ्यावं. पुरळ आलंय तेवढे दिवस एक माप मोठा, सैलसर लावला तरी हवा खेळते.

फक्त कमरेच्या दोन्ही बाजूंना, जिथे पट्टी चिकटते तिथेच लाल होत असेल तर तो ओलाव्याचा त्रास नसतो. रबर किंवा गोंदाची ॲलर्जी असू शकते. कंपनी बदलून बघा.

ओले वाइप्स प्रवासापुरते ठीक. बिनवासाचे, अल्कोहोल नसलेले घ्या, आणि घटकांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन असेल तर नको, त्याची ॲलर्जी येते. पुरळ असताना वाइप्स बाजूलाच ठेवावेत.

प्रश्न: जुलाब चालू आहेत, दिवसात आठ-दहा वेळा शी होतेय. एवढ्या वेळा धुऊन कातडी आणखी सोलतेय. काय करावं?

बालरोगतज्ज्ञ

पुरळ दिसायची वाट बघू नका, पहिल्या पातळ शीलाच जस्ताचा जाड थर चढवा. पुसू नका, कोमट पाण्याची बारीक धार सोडा किंवा टबात पाच मिनिटं बसवा आणि टिपा. पोटासाठी ओआरएस चालू ठेवा, आईचं दूध थांबवू नका. जुलाबात पोटातून जस्तही देतात. 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्यावरच्याला 20, आणि जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण. डोस डॉक्टरांकडून पक्का करून घ्या.

याच ओघात एक सांगतो, क्वचित दिसतं पण चुकतं. ढुंगणाच्या जोडीला तोंडाभोवती आणि हातापायांवरही चट्टे, सोबत जुलाब, केस विरळ, आणि हे सगळं आईचं दूध सुटल्यावर सुरू झालं, तर शरीरातच जस्त कमी पडत असेल. तिथे मलमं बदलत बसून उपयोग नाही, तपासणी हवी.

प्रश्न: पुन्हा पुन्हा वापरायच्या कापडी डायपरवर जस्ताचं मलम लावून चालतं का? त्यावर पांढरे डाग पडतात आणि मग शू बाहेर येते.

रत्नागिरीकडून

डाग पडतात आणि मलमाचा तेलकटपणा कापडात बसला की ते पाणी शोषत नाही, गळती त्यामुळेच. जुन्या मलमलीच्या साडीचे चौकोनी तुकडे करा, दोन पदरी, डायपर आणि कातडीच्या मध्ये ठेवा. मलम त्यांना लागतं, ते वेगळे धुवा किंवा टाकून द्या. आधीच तेलकट झालेल्या डायपरला भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, गरम पाणी, मऊ ब्रश, आणि मग फेस जाईपर्यंत खळबळणं.