खुब्याच्या ऑपरेशननंतर आज्जी रात्री भलतंच बोलतेय, पोटरी पण सुजलीय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातले. आज्जी (वय ८१) न्हाणीत घसरून पडली, खुब्यात मांडीच्या हाडाची मान मोडली. बेळगावात ऑपरेशन करून बॉल बदलला, बायपोलर म्हणतात तो. एक्सरे चांगला आला, पण दोन-तीन रात्रीतच वेगळंच सुरू झालं. दिवसा बरी असते, चहा मागून घेते, दिवेलागण झाली की म्हशी सुटल्यात दार लावा म्हणून ओरडते, माझ्या आईला तिची थोरली बहीण समजते, दवाखान्यात तर लघवीची नळीच ओढत होती. घरी आणलं तरी तेच. शेजारच्या काकू म्हणतात बाहेरचं लागलंय, उतारा टाका. ते काय आम्ही करणार नाही, पण भुलीमुळं डोक्यावर कायमचा परिणाम होतो काय?

दुसरं म्हणजे डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलेलं, आणि घरात आता दोन पार्ट्या. काका म्हणतात हाड जुळेस्तोवर हलवायचं नाही, बाबा म्हणतात चालवा, ह्यांच्या भांडणात आज्जी पडूनच. माकडहाडापाशी लाल चट्टा उठलाय, बोटानं दाबला तरी लाली जात नाही. कालपासनं ऑपरेशनच्या पायाची पोटरी टणक लागतेय, आत्या तेल चोळायला बसलीय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. सांगा की कुणीतरी.

प्रतिसाद
मी वॉर्डात स्टाफ नर्स आहे, निपाणीची. पहिलं ते तेल चोळणं थांबवा! ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असतेच, पण पोटरी टणक झाली तर आत रक्ताची गुठळी असू शकते, गोळी चालू असली तरी. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतेल. आजच डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करा. मध्येच दम लागला, छातीत दुखलं तर सरळ १०८.

बडबडीला डिलिरियम म्हणतात, ह्या वयात खुब्याच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतं. वेड नव्हे, बहुतेकांचं हळूहळू उतरतं, काहींना आठवडे लागतात. पण कारण शोधायला लागतं: लघवीत इन्फेक्शन, सोडियम कमी, संडास तुंबणं, नाहीतर ट्रामाडोलसारखी दुखण्याची गोळी. झोपेची गोळी आपल्या मनानं देऊ नका. चष्मा, कानाचं मशीन असेल तर लावा, रात्री बारका दिवा ठेवा.

चट्टा म्हणजे बेडसोरची, पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात, दर दोन तासाला कूस बदला, दोन पायांच्या मध्ये उशी ठेवूनच. टाचा उशीवर टेकवू नका, पोटरीखाली उशी घालून अधांतरी ठेवा. आणि काकांना सांगा, बॉल बदललाय, जुळायला हाड कुठं राहिलंय? गुठळीचं बघून झालं की चालवायचंच. फक्त मांडी घालणं, पाट, उकिडवं बसणं बंद, कमोडची खुर्ची आणा.

धागाकर्ता
आत्याला उठवलं. डॉपलर खानापुरात बघू का थेट बेळगाव?

प्रतिसाद
ऑपरेशन केलं तिथंच जावा, फोन करून निघा. डिस्चार्जची फाइल आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा बरोबर घ्या.